एकोणीस नंबरच्या मावशींचा अंदाज

अंबरनाथ पश्चिमेतल्या एका मावशींनी त्या गेल्यानंतर सात वेळा महागाईबद्दल मत दिलं. लिहून घेणारा मी होतो. मत त्यांचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नव्हतं. कुणाचं होतं ते पुढे येईलच.

बायकोला हे मी गेल्या दिवाळीत सांगितलं. ती चकल्या तळत होती. ऐकून म्हणाली, "एवढंच? मला वाटलं भलतंच काहीतरी असेल." मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे माझ्या गप्प बसण्यामागे लोकांना कायम भलतंच काहीतरी दिसतं. पण तिचं ते 'एवढंच' मला पटलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा एक कारखाना होता, तिथे मी स्टोअरला होतो. कारखाना गुजरातला हलला आणि मी बदलापूरलाच राहिलो. पंचेचाळिशीच्या माणसाला नव्यानं कोण घेणार? कुणीतरी एका मॅडमचा नंबर दिला. त्या मुंबईत अर्थशास्त्र शिकवायच्या. पैसा, महागाई, व्याजदर हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांना उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात घरोघरी फिरणारा माणूस हवा होता. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला फार बोलायची सवय आहे का?"

"नाही."

"मग जमेल. बोलका माणूस समोरच्याचं उत्तर स्वतःच देऊन टाकतो."

काम असं होतं. दर तीन महिन्यांनी एक फेरी. तीच घरं, तीच माणसं, तेच प्रश्न. गेल्या वर्षात महागाई किती वाढली असं तुम्हाला वाटतं? येत्या तीन महिन्यांत किती वाढेल? येत्या वर्षात किती? उत्तर शेकड्यात. मला सुरुवातीला हा पोरखेळ वाटला. भाव बाजारात असतात, ते बाजारात जाऊन बघावेत; लोकांच्या वाटण्यात काय आहे? मी तसं विचारलंही.

मॅडम म्हणाल्या, "समजा, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखानदाराला वाटलं की पुढच्या वर्षी सगळं महागणार. तो भाव आजच वाढवून ठेवतो. त्याच्या कारागिरालाही तसंच वाटलं, तर तो आजच मजुरी वाढवून मागतो. आणि मग महागाई खरंच येते. म्हणजे ती आधी डोक्यात येते, मग दुकानात. ज्या बँकेच्या नोटा आपण वापरतो ती बँक व्याज वर-खाली करते ना, ती खरं तर लोकांच्या या वाटण्याशीच बोलत असते. आम्ही महागाई आटोक्यात ठेवू, विश्वास ठेवा, असं सांगत असते. मला बघायचंय, तिचं बोलणं चामटोलीसारख्या खेड्यापर्यंत पोचतं का."

मला हे आवडलं. स्टोअरमध्ये इतकी वर्षं मी डबे मोजले होते, आता लोकांचे अंदाज.

चामटोलीत एक आजी दर वेळी विचारायच्या, "शेकडा म्हंजे काय रे बाबा? मेथीची जुडी केवढ्याला जाईल ते इचार." कॅम्प पाचमधला कापडवाला शेठ मला लांबून बघूनच हाक मारायचा, "आओ साईं! हर तीन महिने में भाव पूछता है, कभी एक रुमाल भी लेता है क्या?" एकदा मी घेतला रुमाल. तर म्हणाला, "देखो, अब महंगाई बढ़ेगी!"

एक नियम मात्र मॅडमनी पहिल्या दिवशीच दोनदा सांगितला होता. ज्या माणसानं पहिल्या फेरीत उत्तर दिलं, त्याचंच उत्तर घ्यायचं. तो घर सोडून गेला, नको म्हणाला किंवा वारला, तर फॉर्मवर 'बंद' असं लिहायचं आणि ते घर कायमचं सोडायचं. त्याच्या जागी बायकोचं किंवा मुलाचं मत घ्यायचं नाही. एकाच माणसाचं मत काळाबरोबर कसं सरकतं, हाच तर अभ्यास होता.

घर क्रमांक एकोणीस अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. मावशी सरकारी दवाखान्यात आया होत्या, निवृत्त झालेल्या. मुलगा कंपनीत शिफ्टला, म्हणून दिवसा घरी त्या आणि सून. मी दारात दिसलो की मावशी आत ओरडायच्या, "अगं, महागाईवाले आले! चहात साखर बेतानं घाल, लिहून नेतील."

पहिल्या फेरीत मी त्यांना आमच्या अभ्यासाचं सांगत होतो, तर त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. निळा कोट, गोल चष्मा, खाली निळी मेणबत्ती. "रुपयाचा अभ्यास तुम्ही आम्हाला सांगू नका. तो यांनी विलायतेत जाऊन करून ठेवलाय. तुम्ही फक्त प्रश्न विचारा."

मी विचारलं, येत्या वर्षात महागाई किती वाढेल?

"वीस लिहा."

"शेकडा वीस? मावशी, पेपरात तर..."

"पेपर कोण लिहितं? मी दळण आणते. वीस लिहा. पंचवीस लिहिलंत तरी मी काही म्हणणार नाही."

मी वीस लिहिलं. दुसऱ्या फेरीत त्यांनी ग्लुकोज बिस्किटांचा पाच रुपयांचा पुडा माझ्यासमोर फोडला आणि बिस्किटं ताटलीत ओळीनं मांडली. "मोजा. गेल्या वेळेपेक्षा एक कमी आहे. किंमत तीच, पुडा तसाच फुगलेला, आत एक बिस्किट गायब. हे तुमच्या कागदात कुठं येतं?"

कुठेच येत नव्हतं. मी मॅडमना फोनवर सांगितलं. त्या हसल्या. तिसऱ्या फेरीपासून फॉर्ममध्ये नवा रकाना आला, 'पुड्यातली संख्या', सगळ्या घरांसाठी. मावशींना हे सांगितलं तर त्यांना फार काही वाटल्याचं दिसलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बस की, उभा काय राहिलास?" त्या दिवसापासून मी त्यांना 'तू' झालो.

पाच फेऱ्या झाल्या. पाचही वेळा त्यांचा आकडा विसाच्या आसपास. मोठ्या बँकेनं व्याज वाढवलं, महागाई उतरेल असं टीव्हीवर सांगितलं, ते मी त्यांच्या कानावर घालायचो. "उतरेल म्हणतात? उतरू दे आधी. मग मी पण उतरते."

सहाव्या फेरीला दार सुनेनं उघडलं. आत तसबिरीशेजारी दुसरी तसबीर होती.

"आई गेल्या, भाऊ. महिना झाला," ती म्हणाली. "दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही."

मी बसलो. पाणी प्यायलो. तिनं चहाचं विचारलं, मी नको म्हटलं आणि निघालो.

स्टेशनजवळच्या भाजीबाजाराशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी फॉर्म काढला. 'बंद' लिहायचं होतं. मी 'हजर' लिहिलं.

याचं कारण मी स्वतःला बरीच वर्षं वेगळं सांगत आलो. मावशींवर माया होती, हात धजला नाही, वगैरे. माया होती हे खरं आहे. पण त्या पायरीवर माझ्या डोक्यात माया नव्हती. आदल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या होत्या, "अंबरनाथची घरं फार गळतायत. आणखी एखादं गेलं तर अंबरनाथच अभ्यासातून काढावं लागेल, मग तुम्हाला देण्यासारखं काम उरणार नाही." ते एखादं घर हे होतं. मला काम हवं होतं. एवढी साधी गोष्ट आहे.

एकदा लिहिल्यावर पुढच्या फेरीला 'बंद' लिहिणं आणखी अवघड झालं, कारण मग वारल्याची तारीख आली असती आणि मागचं उघडं पडलं असतं. असं करत सात फेऱ्या, पावणेदोन वर्षं.

मी फॉर्म घरी भरायचो, बदलापूरला, दुपारी बायको शेजारी गेली की. बिस्किटांचा पुडा मात्र मी खरोखर विकत आणायचो. फोडायचो, ताटलीत ओळीनं मांडायचो, मोजायचो, आणि तोच आकडा रकान्यात लिहायचो. खोट्या फॉर्ममधला तेवढा एक आकडा खरा असायचा. मग पुरावा राहू नये म्हणून बिस्किटं खाऊन टाकायचो. बायको म्हणाली होती, "तुम्हाला कधीपासून बिस्किटं आवडायला लागली?"

अडायचं ते अंदाजाच्या प्रश्नावर. वीस लिहायला हात उचलायचा नाही. वीस म्हणायला मावशींचा आवाज लागतो, आणि आवाज तर गेला होता. मला भीती होती ती मॅडम एवढ्या मोठ्या आकड्याचं कारण विचारतील याची. म्हणून मी पेपर उघडायचो. तज्ज्ञांच्या मते पुढच्या वर्षी महागाई इतकी इतकी राहील, अशी बातमी कुठेतरी असतेच. त्यात थोडं मिळवून मी मावशींच्या नावावर लिहायचो. पहिल्यांदा बरंच मिळवलं, विसाच्या फार खाली एकदम जाऊ नये म्हणून. पुढे पुढे कमी. शेवटच्या दोन फेऱ्यांत तर जवळजवळ पेपरातलाच आकडा.

मला वाटलं, असा आकडा कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. नेमका तोच आला.

एका संध्याकाळी मॅडमचा फोन. आवाजात कधी नव्हे तो उत्साह. "एकोणीस नंबरच्या बाई कोण हो? सुरुवातीला वीस म्हणणारी बाई हळूहळू खाली येते आणि चक्क तज्ज्ञांच्या अंदाजाशी येऊन थांबते! तिला समजायला लागलंय. बँकेचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलंय. आख्ख्या अभ्यासात इतकं स्वच्छ दुसरं घर नाही."

मी हं म्हटलं.

"एका घरावरून निष्कर्ष काढत नाहीत, ते मला कळतं. पण पुढच्या महिन्यात माझं व्याख्यान आहे, मोठ्या बँकेतली माणसंही येणार आहेत. सुरुवात मी या बाईंपासून करणार. त्याआधी मला त्यांना भेटायचंय."

मी सांगितलं, त्या गावी गेल्यात. दोन दिवसांसाठी बाहेर गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं सहज. पंधरा दिवसांनी परत फोन आला. "आल्या का हो गावाहून?" या वेळी मला पुढचं खोटं सुचलं नाही. "रविवारी सकाळी येते मी अंबरनाथला," त्या म्हणाल्या.

चार दिवस मध्ये होते. चार दिवसांत त्यांना फोन करता आला असता. तोही मी केला नाही.

रविवारी त्या सुती साडीत, पाठीला सॅक लावून स्टेशनच्या पश्चिमेला उतरल्या. बाजारातून त्यांनी सफरचंदं घेतली, मावशींसाठी. पिशवी माझ्या हातात दिली. चालता चालता सॅकमधून एक जाड कागद काढून दाखवला. छापलेला आलेख. आडव्या रेघेवर फेऱ्या, उभ्या रेघेवर अंदाज. बारा ठिपके. "त्यांना भेट द्यायला आणलाय. आपलं मत कसं दिसतं, हे माणसाला कधी बघायला मिळत नाही."

घराची गल्ली आली. मी थांबलो.

"मॅडम, त्या नाहीत."

"परत गावी गेल्या?"

"वारल्या. पावणेदोन वर्षं झाली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आलेखाकडे बघितलं. बोटानं ठिपके मोजले. "म्हणजे इथून पुढचे सात..."

"मी."

"कशावरून लिहायचात?"

"पेपरातून. तज्ज्ञांचं बघून."

त्या हसल्या असं मला वाटलं, पण ते हसू नव्हतं. "म्हणजे मी तज्ज्ञांची तज्ज्ञांशी तुलना करून, लोक शहाणे झाले असं जाहीर करणार होते." मग शांतपणे विचारलं, "आणखी कुठली घरं?"

"एकही नाही."

"हे मी कशाच्या आधारावर मानू?"

माझ्याकडे आधार नव्हता. बाकीची घरं मी खरोखर फिरलो होतो. उन्हात, चिखलात, चामटोलीच्या बांधावरून. पण ते सांगणारा माणूस कोण, तर हाच. माझं काम त्या क्षणी गेलं होतं, हे मला कळत होतं, आणि ते काही फार नव्हतं. त्यांचा तीन वर्षांचा अभ्यास माझ्या एका शब्दाला टांगलेला होता आणि माझ्या शब्दाला किंमत उरली नव्हती. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"चला," त्या म्हणाल्या. "फळं त्यांच्या घरासाठी घेतलीयत. तिथेच द्यायची."

सुनेनं मला ओळखलं. "या भाऊ! किती दिवसांनी. आई गेल्या आणि तुम्ही यायचेच बंद झालात." मग मॅडमकडे बघून तिनं पदर सावरला. त्यांनी नमस्कार केला, "जय भीम" म्हणाल्या, पिशवी दिली आणि माझ्याकडे बघितलं. बोलायचं मी होतं.

मी सुनेला सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात इतकं मी बोललो नसेन. ती मध्येच मॅडमच्या हातातला कागद घेऊन बघायला लागली.

"यातल्या कुठल्या फेरीनंतर आई गेल्या?"

मी पाचव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे आई होत्या तोवर रेघ वर आहे. गेल्या आणि खाली यायला लागली." ती माझ्याकडे वळली. "आमच्या आईंनी टीव्हीवरचं कधी खरं मानलं नाही, आणि तुम्ही त्यांना मेल्यावर मानायला लावलंत? भाऊ, आज त्या असत्या ना, तर चहा सोडा, तुम्हाला पाणीसुद्धा मिळालं नसतं."

"खरं आहे," मी म्हटलं.

"खरं आहे म्हणे!" ती उठून आत गेली. मला वाटलं, आता निघावं. पण ती एक पत्र्याचा चौकोनी डबा घेऊन आली. "हे मी टाकायला काढलं होतं दोनदा. ह्यांनी टाकू दिलं नाही. आई म्हणायच्या, तोंडी सांगून कोण ऐकतं, पुरावा पाहिजे."

डब्यात बिस्किटांच्या पुड्यांची रिकामी वेष्टनं होती. प्रत्येक सपाट करून, घडी घालून. प्रत्येकावर काळ्या मार्करनं महिना, वर्ष आणि एक आकडा, आयाबाई दवाखान्यात बाटल्यांवर लिहितात तसा ठळक. मावशी माझ्यासमोर बिस्किटं मोजायच्या ते मला माहीत होतं. दर महिन्याला मोजून ठेवायच्या, ते माहीत नव्हतं.

मॅडम खाली सतरंजीवर बसल्या. सॅकमधून एकोणीस नंबरची फाइल काढली आणि माझे फॉर्म एकेक करून वेष्टनांशेजारी मांडले. तो रकाना तिसऱ्या फेरीपासूनचा. तिसरी फेरी जुळली. चौथी जुळली. पाचवीचं वेष्टन सापडेना, सुनेनं डबा उलटा केला तेव्हा तळाला चिकटलेलं निघालं. तेही जुळलं.

सून सफरचंद कापून घेऊन आली. एक फोड मावशींच्या तसबिरीपुढे ठेवली, उरलेली ताटली आमच्यापुढे.

"त्या असताना तुम्ही खरं लिहीत होता, एवढं या घरापुरतं कळलं," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या घरांत मी दुसरं कुणीतरी पाठवणार. तुमच्या मागच्या फेऱ्या लोकांना आठवतात का, विचारून घेईन. जुळतील तेवढ्या ठेवीन. व्याख्यान आता नाही होणार."

"मी पुढे..."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही."

मी मान हलवली. त्यांनी सहाव्या फेरीचा फॉर्म उचलला, भाजीबाजाराच्या पायरीवर भरलेला, आणि पेनासकट माझ्यापुढे धरला. "यात जे लिहायला हवं होतं ते लिहा. मी लिहिलं तर ती दुरुस्ती होईल. तुम्ही लिहा."

मी 'हजर' खोडलं. शेजारी 'बंद' लिहिलं. खालच्या ओळीत कारण, तिथे 'मृत्यू' लिहिलं. त्याच्यापुढे तारखेची जागा होती. पेन तिथे थांबलं.

सून वाकून फॉर्मकडे बघत होती. "काय झालं, भाऊ?"

मी तिला तारीख विचारली. पावणेदोन वर्षांत ती मी विचारलीच नव्हती.